दोनशे चाळीस भेटवस्तू आणि एक अंगठा

दिवाळी संपली की माझ्या दवाखान्यात एका दुखण्याचे पेशंट हमखास वाढतात. "डॉक्टर, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. कपबशी उचलताना येते, दाराची कडी काढताना येते, ओला कपडा पिळताना तर जीव जातो." चकलीचा सोऱ्या, करंज्यांच्या मुरडी, जाळ्या-जळमटं काढून झालेली असतात. त्यात माझा दवाखाना वसईच्या पश्चिमेकडच्या गावात. इथे दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात तोच नाताळचे तारे टांगायला सुरुवात होते. पुन्हा साफसफाई, पुन्हा करंज्या, केक, गोठ्याची तयारी आणि भेटवस्तू बांधणं.

आजचा लेख या शेवटच्या कामाबद्दल आहे. तुम्ही म्हणाल, भेटवस्तूला कागद गुंडाळणं हा काय आजाराचा विषय झाला? एखाददुसरी भेट असेल तर नाहीच. पण दोनशे चाळीस असतील तर? मी ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांना अख्खं गाव 'टीचर' म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांची परवानगी घेऊनच लिहितोय. या गोष्टीत एक चूक त्यांची आहे आणि एक माझी. माझी जास्त मोठी आहे.

"बरं, डॉक्टर"

टीचर तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या. प्राथमिक शाळेत आयुष्य गेलं. चौदा वर्षांपासून मधुमेह, जवळपास तेवढाच जुना रक्तदाब. गोळ्या वेळेवर, तपासण्या वेळेवर, फाईल व्यवस्थित लावलेली. असा पेशंट प्रत्येक डॉक्टरला हवा असतो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्या उजवा हात डाव्या हातात धरून आल्या. मी त्यांना अंगठा तळहातावर दुमडून त्यावर मूठ मिटायला सांगितली आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवलं. त्या ओरडल्याच. निदान तिथेच झालं. मग मी विचारलं, "सध्या हाताचं काय जास्तीचं काम चाललंय?"

"नाताळच्या भेटी बांधतेय. पोरांच्या."

वसईच्या पूर्वेला वीटभट्ट्या आहेत. पावसाळा सरला की आदिवासी पाड्यांवरची कुटुंबं भट्टीवर कामाला येतात, मुलंबाळं घेऊन. आधीच्या गावातली शाळा सुटते, इथली लागतेच असं नाही. टीचर आणि त्यांचे मिस्टर, तेही शिक्षकच, गेली बरीच वर्षं अशा मुलांना नाताळात भेट द्यायचे. वह्या, रंगपेटी, स्वेटर, बॉल. गावातले लोक पैसे द्यायचे, वस्तू द्यायचे. बांधायचं काम या दोघांचं.

"ते आता बंद करा," मी म्हणालो. "तीन-चार आठवडे तरी. नाहीतर हे दुखणं हटणार नाही."

त्यांनी माझ्या मागे भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं, डॉक्टर."

मी पट्टा लिहून दिला, लावायला मलम दिलं आणि पुढचा पेशंट बोलावला. सत्तावीस वर्षं प्रॅक्टिस केल्यावर मला कळायला हवं होतं की मराठी माणसाच्या 'बरं'चे अनेक अर्थ असतात. त्यातला एक असा की, 'तुम्हाला काही कळलेलं नाही, पण तुमचा मान राखते.'

अंगठ्यात नेमकं काय होतं?

या दुखण्याला 'डी क्वेर्वेनचा आजार' म्हणतात. फ्रिट्झ डी क्वेर्वेन या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. नाव अवघड असलं तरी प्रकार सोपा आहे.

पायजम्याची नाडी आणि नेफा डोळ्यांसमोर आणा. अंगठा बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या आणि ताठ करणाऱ्या दोन दोऱ्या (आम्ही त्यांना कंडरा म्हणतो) मनगटाजवळ एका अरुंद नेफ्यातून जातात. रोजच्या वापरात नाडी आरामात सरकते. पण तीच हालचाल शेकडो वेळा झाली की नेफ्याचं अस्तर जाड होतं, सुजतं. आता नाडी अडकत, घासत सरकते. तीच ती कळ.

हे कोणाला होतं? ज्यांना अंगठ्याची चिमूट पकडून मनगट पुन्हा पुन्हा वळवावं लागतं त्यांना. तान्ह्या बाळाला दोन्ही काखांत हात घालून उचलणाऱ्या नव्या आईला हा आजार फार वेळा होतो. शिवणकाम करणाऱ्यांना, तासन्‌तास मोबाईलवर अंगठा फिरवणाऱ्यांनाही होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो.

आता भेटवस्तू बांधताना हात काय करतो ते बघा. कात्री चालवणं म्हणजे अंगठ्याची उघडझाप. चिकटपट्टी रोलवरून ओढून तोडणं म्हणजे चिमूट आणि मनगटाला झटका. कडा दुमडून अंगठ्याने दाबत नेणं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे चकचकीत फीत कात्रीच्या पात्यावर अंगठ्याने दाबून सर्रकन ओढायची, म्हणजे ती कुरळी होते. टीचरच्या प्रत्येक भेटीवर अशी कुरळी फीत असायचीच. फितीला दोन टोकं, प्रत्येक टोक तीनदा ओढायचं, म्हणजे एका भेटीला सहा झटके. दोनशे चाळीस भेटींना एक हजार चारशे चाळीस. हा हिशोब मी नंतर केला. तेव्हा केला नव्हता.

एकोणीस डिसेंबर

संध्याकाळी टीचरचा पुतण्या त्यांना स्कूटरवरून घेऊन आला. दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना त्यांना धाप लागली होती. दोन्ही पाय सुजलेले, बोटाने दाबलं तर खड्डा पडत होता. रक्तदाब १८६/१०४. गेल्या कित्येक महिन्यांत तो १४० च्या वर गेला नव्हता.

"टीचर, हे कधीपासून?"

"चार-पाच दिवस. दगदगीने असेल म्हटलं."

"गोळ्या चालू आहेत?"

"सगळ्या."

मग मी तो प्रश्न विचारला जो तीन आठवड्यांपूर्वीच विचारायला हवा होता. "माझ्या गोळ्यांव्यतिरिक्त आणखी काही घेताय?"

त्यांनी पर्समधून एक पाकीट काढलं. एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल अशी दोन औषधं एकत्र असलेली गोळी. मेडिकलमधून आणलेली. सकाळी एक, रात्री एक. अठरा दिवस.

"यावर पॅरासिटामॉल लिहिलंय ना," त्या म्हणाल्या. "ते तर तुम्हीही देता. मला वाटलं साधीच आहे."

रात्री रिपोर्ट आला. क्रिएटिनिन २.१. जुलैमध्ये ते १.० होतं. पोटॅशियमही वाढलेलं. त्याच रात्री त्यांना मोठ्या हॉस्पिटलमध्ये किडनीच्या डॉक्टरांकडे दाखल केलं.

"तुम्ही काम बंद नव्हतं केलं का?" मी गाडीत बसवताना विचारलं. रागावलो होतो, हे कबूल करतो.

"कसं करणार, डॉक्टर?" एवढंच त्या म्हणाल्या.

पेनकिलरने किडनीला काय होतं?

इथे जरा थांबून हे नीट समजून घ्या, कारण हा प्रकार फक्त टीचरपुरता नाही.

किडनी म्हणजे रक्त गाळणारी गाळणी. गाळायचं तर गाळणीत रक्ताचा पुरेसा दाब हवा. त्यासाठी शरीराने दोन नळांची सोय केली आहे. एक नळ रक्त आत सोडतो, दुसरा बाहेर. आतला नळ मोठा ठेवायचं काम शरीरातली काही रसायनं करतात. एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या नेमकी तीच रसायनं बनणं कमी करतात. त्याने दुखणं कमी होतं, पण आतला नळही बारीक होतो.

तरुण, निरोगी माणसाला दोन-चार दिवस अशी गोळी घेतल्याने सहसा बिघडत नाही. पण टीचरना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू होतं, जे बाहेरचा नळ मोठा करतं. एरवी ते मधुमेही माणसाच्या किडनीला फायद्याचंच आहे. त्याच गोळीत लघवी वाढवणारं औषधही होतं, जे अंगातलं पाणी कमी करतं. म्हणजे आत येणारं कमी, बाहेर जाणारं जास्त आणि मुळात पाणीही कमी. गाळणीत दाबच उरला नाही. शिवाय या वेदनाशामक गोळ्या अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. किडनीचं काम मंदावलं की ते आणखी साठतं. म्हणून पायांवर सूज, चढलेला रक्तदाब आणि धाप.

रक्तदाबाची गोळी, लघवीची गोळी आणि पेनकिलर हे तिघं एकत्र येणं किडनीला धोक्याचं असतं. वय साठच्या पुढे आणि जोडीला मधुमेह असेल तर आणखीच. हे आम्हा डॉक्टरांना तोंडपाठ असतं. पेशंटला सांगायचं मात्र राहून जातं. मी टीचरना पेनकिलर दिली नव्हती, कारण मला हा धोका माहीत होता. पण 'का दिली नाही आणि तुम्हीही आपल्या मनाने घेऊ नका' हे वाक्य मी बोललो नव्हतो.

उरलेल्या नव्वद

टीचरची किडनी सावरली. पेनकिलर बंद झाली, रक्तदाबाची ती गोळी तात्पुरती थांबवली, सूज उतरवायला शिरेतून औषध दिलं. डायलिसिसची वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी त्या उठून बसल्या आणि मला फोन केला. तब्येतीचं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "नव्वद राहिल्यात."

बावीस डिसेंबरला रात्री दवाखाना बंद करून मी, माझी बायको आणि आमचा कंपाउंडर त्यांच्या घरी गेलो. चावी पुतण्याकडे होती. खरं सांगतो, यात परोपकार फारसा नव्हता. मला स्वस्थ बसवत नव्हतं.

ती खोली पाहिल्यावर मला त्यांचा आजार पहिल्यांदा कळला. जमिनीवर चटई. एका भिंतीला बांधलेल्या भेटी, दुसऱ्या भिंतीला न बांधलेल्या. उजेडाला कोपऱ्यातली एक ट्यूबलाईट. बोथट कात्री, जिच्या कड्या त्यांच्या बोटांना लहान पडत असणार. खिडकीत दुसरी मोठी कात्री होती, धुळीने माखलेली.

"ती मास्तरांची," पुतण्या म्हणाला. "काका कापायचे, काकू गुंडाळायच्या."

मास्तर जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांचा शेवटचा आजार मीच पाहिला होता. पण सहा वर्षांत भेटींची संख्या एकानेही कमी झाली नव्हती आणि त्या बांधणारे हात चारावरून दोनवर आले होते, हे माझ्या लक्षात कधी आलंच नाही. मी 'काय काम करता' विचारलं होतं. 'कोणाबरोबर करता' हे विचारलं नव्हतं.

आम्ही चटईवर बसलो. मला वाटलं होतं, नव्वद म्हणजे दोन तासांचं काम. शाळेत असताना जूनमध्ये वह्या-पुस्तकांना खाकी कव्हरं घातली होतीच की. पण वही चौकोनी असते. तुम्ही कधी बॉल गुंडाळून पाहिलाय? किंवा स्वेटर? पहिल्या अर्ध्या तासात माझ्या पाच झाल्या. चाळीस मिनिटांनी कंबर धरली, तासाभराने अंगठा बोलायला लागला. कागदाच्या कडेने दोन बोटं कापली. बायको माझ्यापेक्षा बरी होती, कंपाउंडर आम्हा दोघांपेक्षा सरस.

मधेच टीचरचा हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल. "फीत लावताय ना?"

"टीचर, फीत राहू द्या. कागद पुरे आहे. नाहीतर सरळ पिशवीत घालून देऊ."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग वर्गात समजावतात तशा म्हणाल्या, "डॉक्टर, या पोरांना वस्तू मिळतात हो. लोक कपडे देतात, वह्या देतात. पिशवीत घालून देतात, रांगेत उभं करून देतात. ते वाटप असतं. गुंडाळून, वर नाव घालून दिलं की ती भेट होते. सोडायला काहीतरी लागतं. ज्याला सोडायला काही मिळालेलं नाही त्याला ते कळतं."

आम्ही फिती लावल्या. रात्री दोन वाजता घरी आलो. दुसऱ्या रात्री उरलेल्या संपवल्या. दोन दिवस मलाच मनगटाला पट्टा लावून पेशंट तपासावे लागले.

पुढच्या वर्षी काय बदललं

जानेवारीत किडनीचे रिपोर्ट पूर्वीच्या जवळ आल्यावर टीचरच्या अंगठ्याला अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने स्टेरॉईडचं एक इंजेक्शन दिलं. डी क्वेर्वेनच्या बऱ्याच पेशंटना त्याने चांगला आराम पडतो. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, म्हणून आठवडाभर घरी रोज तपासायला लावली. कळ गेली. पण तेच काम त्याच पद्धतीने केलं असतं तर ती परत आली असती. या वेळी मी 'बंद करा' म्हणालो नाही. आम्ही दोघं कागद-पेन घेऊन बसलो आणि हिशोब केला. एका भेटीला सरासरी सहा मिनिटं. दोनशे चाळीस भेटींना चोवीस तास. अख्खा एक दिवस-रात्र, एका हातावर.

मग जे बदल केले ते खाली देतो. नाताळच्या भेटी असोत, लग्नातले आहेर असोत, सोसायटीची दिवाळीची पाकिटं असोत किंवा हळदीकुंकवाची वाणं, हातांचं गणित तेच असतं.

१. लवकर सुरुवात, रोज थोडं. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून रोज आठ भेटी. महिन्यात दोनशे चाळीस. आठ भेटी म्हणजे पाऊण तासाचं काम. तेही मध्ये एकदा उठून, पाणी पिऊन.

२. जमीन सोडली. जेवणाच्या टेबलावर काम करायचं. उभं राहून करत असाल तर टेबल साधारण कोपराच्या उंचीला हवं, खूप वाकावं लागता कामा नये. बसून करत असाल तर पाय जमिनीला टेकलेले आणि पाठीला आधार हवा. उजेड समोरून किंवा वरून.

३. सगळ्या भेटी एकाच मापाच्या खोक्यात. बॉल असो की स्वेटर, खोकं एकच. अठ्ठावीस सेंटीमीटर लांब, वीस रुंद, सहा उंच. कागदाची एक बाजू खोक्याभोवती पूर्ण फिरून दोन-तीन सेंटीमीटर उरली पाहिजे. दुसऱ्या बाजूला, दोन्ही टोकांना खोक्याच्या उंचीच्या पाऊणपट कागद जास्त हवा. आमच्या खोक्याला पंचावन्न बाय सदतीस आलं. त्या मापाचा पुठ्ठ्याचा साचा केला आणि सगळे कागद एकदम कापून ठेवले. प्रत्येक वेळी अंदाज घेणं, चुकणं, पुन्हा कापणं गेलं.

४. हत्यारं बदलली. धार लावलेली, मोठ्या कड्यांची कात्री. टेबलावर घट्ट बसणारा चिकटपट्टीचा जड स्टँड, म्हणजे एका हाताने पट्टी सहज तुटते. पट्टीचे दहा-बारा तुकडे आधीच कापून टेबलाच्या कडेला लावून ठेवायचे. कडा दाबायला अंगठ्याऐवजी शाळेची पट्टी.

५. काम वाटून घेतलं आणि आलटून पालटून केलं. मास्तरांच्या कात्रीला धार लावली, ती कंपाउंडरने घेतली. कॉलेजची दोन मुलं गुंडाळायला, एक मुलगी नावं लिहायला. दर अर्ध्या तासाने जागा बदलायची. एकच हालचाल एकाच हाताने तासन्‌तास होऊ नये, एवढंच तत्त्व.

६. फीत राहिली, कुरळेपणा गेला. यावर आमची चर्चा दोन आठवडे चालली. शेवटी सुती फितीची साधी गाठ ठरली, ओढली की सुटणारी. टीचरनी स्वतः बांधून, सोडून पाहिली. मग म्हणाल्या, "चालेल. सोडता येते." अंगठ्याचे एक हजार चारशे चाळीस झटके वाचले.

७. जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा पाळल्या. हे शेवटी लिहिलं असलं तरी मधुमेहींसाठी पहिलं आहे. 'एवढ्या दहा झाल्या की जेवते' हे वाक्य घरात बोलायचं नाही. संध्याकाळचं फिरणंही चुकवायचं नाही.

अंगठा दुखायला लागलाच तर

पहिले काही दिवस त्या हालचालीला विश्रांती. रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पट्टा घ्यायचा तर अंगठ्यालाही आधार देणारा घ्या. मनगटाचा साधा पट्टा अंगठा मोकळा सोडतो, त्यामुळे या दुखण्यात त्याचा फारसा उपयोग होत नाही. जोरजोरात चोळणं, बोटं मोडणं टाळा.

गोळीच्या बाबतीत एकच सांगतो. रक्तदाब, मधुमेह, किडनीचा किंवा हृदयाचा आजार, पोटात अल्सर, रक्त पातळ करणारं औषध, यांपैकी काहीही असेल तर मेडिकलमधून आपल्या मनाने पेनकिलर घेऊ नका. शेजाऱ्याला चालली म्हणूनही नको. पाकिटावर पॅरासिटामॉल दिसलं तर त्याच्यासोबत दुसरं काय लिहिलंय ते वाचा किंवा कोणाकडून वाचून घ्या. नुसतं पॅरासिटामॉल योग्य मात्रेत किडनीला तुलनेने सुरक्षित असतं, पण तेही किती आणि किती दिवस हे विचारून घ्या. घेतलीच असेल एखादी गोळी, तर डॉक्टरपासून लपवू नका. रागावले तर रागावू द्या.

पुढील गोष्टी दिसल्या तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका:

- आठ-दहा दिवसांत दुखणं कमी झालं नाही, किंवा पकडलेली वस्तू हातातून सुटू लागली.
- अंगठा, पहिलं आणि मधलं बोट रात्री बधिर होतं, मुंग्यांनी जाग येते. हा मनगटातली नस दबण्याचा वेगळा आजार असू शकतो.
- मनगट लाल, गरम झालं आणि ताप आला. मधुमेहींनी कात्रीने किंवा कागदाने कापलेली जखमही धुऊन रोज पाहावी. सूज किंवा पू दिसला तर लगेच यावं.
- हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय. तिथलं लहान हाड मोडलेलं असू शकतं.
- पायांवर सूज, धाप, लघवी कमी होणं, विशेषतः पेनकिलर चालू असताना.
- एका बाजूच्या हातापायातली शक्ती अचानक गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं. हे अंगठ्याचं दुखणं नव्हे, हा पक्षाघात असू शकतो. एक मिनिटही न दवडता हॉस्पिटल गाठा.

शेवटी, एक वाक्य तुमच्यासाठी

त्या वर्षी टीचर मला भट्टीवरच्या वाटपाला घेऊन गेल्या. चुकलो, 'भेटी द्यायला' घेऊन गेल्या. सात-आठ वर्षांचा एक मुलगा फीत न सोडता भेट नुसती छातीशी धरून उभा होता. "सोड ना," मी म्हणालो. तो म्हणाला, "घरी जाऊन." टीचरनी माझ्याकडे पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत.

घरी येताना माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. 'वाकू नका', 'उचलू नका', 'जिने चढू नका', 'बंद करा'. दिवसातून किती वेळा मी हे म्हणतो! म्हणायला दहा सेकंद लागतात. पण समोरच्या माणसाला ते काम थांबवणं शक्य आहे का, त्या कामात त्याचं काय गुंतलंय, त्याला कोणी मदतीला आहे का, हे विचारायला पाच मिनिटं लागतात. टीचरच्या बाबतीत ती पाच मिनिटं मी वाचवली आणि त्यांची किडनी पणाला लागली.

आता मी विचारतो. पण गर्दीच्या दिवशी विसरणारच नाही, याची खात्री देत नाही. म्हणून तुम्हीही बोला. डॉक्टर 'बंद करा' म्हणाले आणि ते तुम्हाला जमणार नसेल, तर 'बरं' म्हणून उठू नका. सरळ सांगा, "डॉक्टर, हे काम मी थांबवू शकत नाही. मग काय करू?" यात डॉक्टरचा अपमान होत नाही. उलट खरा उपचार तिथून सुरू होतो.

टीचर आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत. क्रिएटिनिन १.१ वर स्थिर आहे. यंदा भेटी दोनशे साठ आहेत आणि टेबलाभोवती माणसं नऊ. माझ्याकडे चिकटपट्टीचं काम आहे. गुंडाळण्याच्या कामावरून मला काढून टाकलंय. माझे कोपरे नीट बसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं आहे.

काळजी घ्या. नाताळच्या शुभेच्छा!